बाळाचा टीएसएच जास्त आलाय, वजन कमी म्हणून की दुसरं काही?

मृण्मयी_नाशिक (धागाकर्ती)

माझ्या धाकट्या बहिणीला मुलगी झाली. ३६ आठवडे भरले होते, वजन १ किलो ९०० ग्रॅम. बाळ एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होतं, आता आईजवळ आहे, वाटी-चमच्याने दूध घेतंय. जन्मानंतर साधारण ३० तासांनी टाचेतून रक्त घेतलं होतं, त्यात टीएसएच (थायरॉईडच्या तपासणीतला आकडा) २८ आला. रिपोर्टवर शेजारी 'नॉर्मल ०.४ ते ४.२' असं छापलंय आणि २८ च्या पुढे चांदणी. ती चांदणी बघून घरात सगळ्यांचं अवसान गळालं.

डॉक्टर शांत आहेत. "पुन्हा तपासू, आत्ता गोळी नको," म्हणाले. पण त्यांच्याकडे गर्दी असते, सगळं विचारता येत नाही. घरात तर दोन तट पडलेत. एक म्हणतो, वजन कमी म्हणून असं आलंय, वजन वाढलं की आपोआप उतरेल. दुसरा म्हणतो, थायरॉईड बायकांनाच होतो, मुलगी आहे म्हणजे आता जन्मभर गोळी. बहिणीला स्वतःला थायरॉईड नाही. वजनाचा आणि मुलगा-मुलगी असण्याचा खरंच किती संबंध असतो? इथे कुणी डॉक्टर किंवा अनुभवी पालक असतील तर कृपया लिहा.

---

शुभदा_आजी

मृण्मयी, आधी अभिनंदन. बाळ चमच्याने दूध घेतंय ही मोठी गोष्ट आहे. एक सांगते, बाळंतिणीसमोर 'मुलगी आहे म्हणून' हे वाक्य कुणाला उच्चारू देऊ नकोस. ओली बाळंतीण असते, मनाला लावून घेते आणि दुधावर परिणाम होतो. बाकीचं जाणकार सांगतील.

---

बालवैद्य_सातारा

नवजात बाळांमध्येच काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो. बाळाला मी तपासलेलं नाही, तेव्हा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

सगळ्यात आधी त्या चांदणीबद्दल. ०.४ ते ४.२ ही मोठ्या माणसांची मर्यादा आहे. प्रयोगशाळेच्या संगणकात तीच भरलेली असते आणि बाळाच्या रिपोर्टवरही छापून येते. नवजात बाळाला ती लावायचीच नसते.

टीएसएच म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिकेने थायरॉईडला घातलेली हाक. ग्रंथी काम करत नसेल तर हाक मोठी होत जाते. पण जन्माच्या क्षणी निरोगी बाळातही ती प्रचंड मोठी होते. आईच्या पोटातल्या उबेतून बाळ बाहेर येतं, गारवा लागतो, नाळ कापली जाते आणि अर्ध्या तासात टीएसएच ६० ते ८० पर्यंत चढतो. त्याच्या मागोमाग टी४ आणि टी३ ही थायरॉईडची संप्रेरकं (हार्मोन्स) वाढतात, बाळ स्वतःची ऊब टिकवायला लागतं. मग टीएसएच आधी भराभर आणि पुढे सावकाश उतरतो. दिवसभरात २० च्या आसपास येतो, आठवडाअखेर बहुतेक बाळांत १० च्या खाली जातो.

म्हणून बाळाचा टीएसएच किती, हे विचारण्याआधी कितव्या तासाचा, हे विचारायचं. भारतातल्या बालग्रंथितज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांत ४८ तासांनंतरच्या किंवा नाळेच्या रक्तासाठी २० ही रेघ धरली आहे, आणि २४ ते ४८ तासांतल्या रक्तासाठी ३४. तुमचं रक्त ३० व्या तासाचं आहे. पूर्ण दिवसांच्या, चांगल्या वजनाच्या बाळाचा त्या वेळचा २८ मी काळजीत धरला नसता. तुमच्या बाळाचं वजन १९०० ग्रॅम आहे, म्हणून पुन्हा तपासणं योग्यच आहे. ते का, हे रात्री लिहितो. ओपीडी सुरू होतेय.

---

रक्ततपासनीस

प्रयोगशाळेत काम करते, डॉक्टरांच्या लेखनाला थोडी जोड देते.

मृण्मयीताई, रिपोर्टवर नमुना कशाचा लिहिलाय ते बघा. वाळवलेल्या थेंबाचं कार्ड असेल तर आकडा दोन पद्धतींनी देतात, पूर्ण रक्ताचा किंवा सीरमचा, म्हणजे पेशी वगळून उरलेल्या द्रवाचा. पूर्ण रक्ताच्या आकड्याला साधारण २.२ ने गुणलं की सीरमचा आकडा मिळतो. म्हणजे एका ठिकाणचा १० आणि दुसऱ्या ठिकाणचा २२ हे एकच असू शकतात. पालक दोन रिपोर्ट शेजारी ठेवतात आणि 'दुपटीने वाढला' म्हणून घाबरतात.

आणि नमुना घेताना काय काय बिघडतं तेही सांगते. टाच आधी कोमट फडक्याने शेकायची. टोचायचं ते टाचेच्या कडेला, मधोमध कधीच नाही, तिथे हाड जवळ असतं. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून टाकायचा. दुसरा मोठा थेंब आपसूक गोळा होऊ द्यायचा आणि कार्डाच्या वर्तुळाला एकाच बाजूने टेकवायचा. रक्त मागच्या बाजूपर्यंत झिरपलं पाहिजे. थेंब छोटा पडला म्हणून त्याच वर्तुळात दुसरा टाकला तर आकडा चुकतो. टाच पिळली तर रक्तात पेशींमधलं पाणी मिसळतं. मग कार्ड आडवं ठेवून सावलीत तीन-चार तास वाळवायचं. उन्हात नको, पंख्याच्या झोतात नको, ओलं असताना एकावर एक तर अजिबात नको. टाच पुसायला स्पिरिट वापरतात आणि ते पूर्ण सुकू देतात. बीटाडीन वापरायचं नाही, त्यात आयोडीन असतं.

---

अनंत_कुडाळ

डॉक्टर, कमी वजनाच्या बाळांत टीएसएच जास्त असतो असं काही अभ्यासांत सापडतं आणि काहींत फरकच सापडत नाही, असं वाचलंय. मग 'वजन कमी म्हणून' हे म्हणायला आधार काय?

---

बालवैद्य_सातारा

अनंतराव, प्रश्न नेमका आहे. अभ्यासांत मेळ बसत नाही, कारण 'कमी वजन' या एका नावाखाली दोन वेगळी बाळं येतात.

पहिलं बाळ दिवस न भरता जन्मलेलं, समजा २८-३० आठवड्यांचं. गर्भाची थायरॉईड तिसऱ्या महिन्याच्या शेवटी स्वतःचं संप्रेरक बनवायला लागते, पण मेंदू आणि ग्रंथी यांची जोडी पक्की व्हायला नववा महिना उजाडतो. तोवर आईचं टी४ वारेतून थोडं थोडं मिळत असतं. हे बाळ लवकर बाहेर आलं की आईचा पुरवठा तुटतो आणि स्वतःची यंत्रणा कच्ची असते. टी४ कमी राहतो, आणि मेंदूची हाकही पुरेशी मोठी होत नाही, म्हणजे टीएसएच वाढत नाही. त्यातून बाळ आजारी असेल आणि डोपामिन किंवा स्टिरॉइड यांसारखं औषध चालू असेल, तर टीएसएच आणखी दबतो. अशा बाळाची ग्रंथी खरोखर अधू असली तरी पहिल्या आठवड्यातला रिपोर्ट 'नॉर्मल' येऊ शकतो. टीएसएच चढतो तो काही आठवड्यांनी. १५०० ग्रॅमच्या आतल्या बाळांना हा धोका सर्वाधिक.

दुसरं बाळ दिवस भरलेलं किंवा जवळपास भरलेलं, पण पोटात वाढ खुंटलेलं. वारेतून पोषण कमी पडलं, त्या ताणाचा परिणाम सगळ्या संप्रेरकांवर होतो. अशा बाळांचा टीएसएच सरासरीपेक्षा थोडा जास्त आढळतो. बऱ्याचदा काही आठवड्यांत उतरतो, काहींत रेंगाळतो.

दोन्ही प्रकारची बाळं एकाच तक्त्यात मोजली की एकाचा दबलेला टीएसएच आणि दुसऱ्याचा चढलेला टीएसएच मिसळतात, आणि सरासरीत फरक दिसत नाही. म्हणून वजनाबरोबर आठवडे लिहिलेले नसतील तर त्या तक्त्यावर मी फारसा विसंबत नाही.

मृण्मयीताई, तुमच्या घरातल्या पहिल्या तटाचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. वजनाशी संबंध असू शकतो. पण 'वजन वाढलं की उतरेल, बघायची गरज नाही' हे पूर्ण चूक. कमी वजन हे निर्धास्त होण्याचं कारण नव्हे, पुन्हा तपासण्याचं कारण आहे. अशा बाळांचं रक्त ४८ ते ७२ तासांनी आणि पुन्हा दोन ते चार आठवड्यांदरम्यान बघावं, मग पहिला आकडा कितीही सुंदर असो.

उलट्या टोकालाही लक्ष द्यावं लागतं. ग्रंथी नसलेलं बाळ बारीक असेल असं लोक धरून चालतात. पण पोटात वजन वाढायला थायरॉईडची तितकी गरज लागत नाही. अशी बाळं चांगली भरलेली असतात, कधी चार किलोंची, दिवस उलटून गेल्यावर जन्मलेली.

---

केशर

शेवटच्या परिच्छेदातलं बाळ म्हणजे माझा मुलगा. ३ किलो ६००, मुलगा, गोरापान, शांत. सगळे म्हणायचे किती गुणी बाळ, रडतच नाही. जन्मानंतर तपासणीत टीएसएच १०० च्या वर आला आणि दुसऱ्या दिवशी शिरेतून रक्त घेऊन लगेच गोळी सुरू केली. तो शांतपणा थायरॉईडमुळे होता हे गोळी सुरू झाल्यावर कळलं. दोन आठवड्यांत घर डोक्यावर घेऊन रडायला लागला, आणि मी आनंदाने रडले.

आता शाळेत जातो, पोहायला शिकतोय, पाढे माझ्यापेक्षा जोरात म्हणतो. तेव्हा 'थायरॉईड बायकांनाच' हे आमच्या घरी तरी कुणी म्हणत नाही.

---

मृण्मयी_नाशिक

केशर, वाचून डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टर, मुलगा-मुलगी याबद्दलही लिहाल का? आणि आईला थायरॉईड नसताना बाळाला कसा होतो?

---

बालवैद्य_सातारा

यात दोन प्रश्न गुंतलेत, सुटे करतो.

निरोगी बाळांमध्ये मुलगा आणि मुलगी यांच्या टीएसएचमध्ये फरक असतो का? काही अभ्यासांत मुलग्यांचा किंचित जास्त सापडलाय, काहींत दोघांचा सारखा. असला तरी इतका थोडा की मुलग्यांसाठी वेगळी रेघ आणि मुलींसाठी वेगळी असं तपासणीत करत नाहीत. तासांचा आणि आठवड्यांचा फरक याच्या कितीतरी पट मोठा असतो.

जन्मजात थायरॉईडची कमतरता मात्र कुठल्या प्रकारची आहे, यावर उत्तर बदलतं. गर्भात ही ग्रंथी जिभेच्या मुळाशी तयार होते आणि खाली उतरत गळ्यात येते. काही बाळांत ती वाटेतच अडकते, जिभेच्या मुळाशीच राहते, किंवा तयारच होत नाही. हा प्रकार मुलींमध्ये साधारण दुप्पट दिसतो. का, हे अजून नीट उलगडलेलं नाही. दुसऱ्या प्रकारात ग्रंथी जागेवर असते, पण संप्रेरक बनवण्याच्या एखाद्या टप्प्यात आनुवंशिक दोष असतो. तो मुलगा-मुलगी दोघांत सारखाच. नात्यातल्या लग्नांत, म्हणजे मामाच्या किंवा आत्याच्या घरी दिलेल्या जोडप्यांत, याची शक्यता वाढते, म्हणून मी तो प्रश्न आवर्जून विचारतो. तात्पुरत्या कमतरतेतही मुलींचं पारडं असं जड नसतं.

दुप्पट हा शब्द ऐकून घाबरू नका. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईसह पाच शहरांत लाखभर बाळं तपासली, त्यांत साधारण ११३० बाळांमागे एकाला ही कमतरता आढळली. पाश्चात्त्य देशांतल्या जुन्या आकड्यांपेक्षा, म्हणजे तीन-चार हजारांत एक, हे प्रमाण पुष्कळ जास्त आहे. तरीही एकेका मुलीच्या बाबतीत शक्यता लहानच. आणि मुलगा आहे म्हणून तपासणी सोडायची तर केशर यांच्या मुलासारखी बाळं निसटतील.

आईला थायरॉईड नसणं नेहमीचंच. ग्रंथी चुकीच्या जागी राहिली त्यात आईचं काहीच नसतं. ना तिच्या खाण्याचं, ना ताणाचं. हे बहिणीला माझ्यातर्फे सांगा. आईला थायरॉईड असेल तर मात्र बाळाच्या डॉक्टरांना जरूर कळवावं, कारण काही प्रतिपिंडं आणि काही औषधं वारेतून बाळाकडे जातात आणि बाळाची ग्रंथी काही काळ दबते.

---

शुभदा_आजी

बाळाकडे बघून ओळखता येत नाही का? आमच्या वेळी बाई सांगायच्या, कावीळ लवकर उतरत नाही, आवाज घोगरा, बेंबी बाहेर आलेली, शी दोन-दोन दिवस नाही, जीभ मोठी, अंगाला हात लावला तर गार.

---

बालवैद्य_सातारा

आजी, तुम्ही सांगितलेलं एकेक लक्षण बरोबर आहे, पाठ्यपुस्तकात हेच असतं. मागची टाळू मोठी उघडी राहणं एवढंच त्यात घालतो. अडचण अशी की ही लक्षणं आठवड्यांनी, महिन्यांनी उमटतात. जन्मल्या वेळी शंभरातल्या ९५ हून अधिक बाळांत बघून काहीच ओळखू येत नाही. आणि मेंदू संप्रेरकासाठी थांबत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मूल इतर मुलांसारखं वाढतं. तीन महिने उलटल्यावर सुरू केली तर जे गेलं ते पुरतं परत येत नाही. मी अशी मुलं बघितली आहेत. स्वस्तातल्या गोळ्यांनी टळलं असतं असं मतिमंदत्व बघणं फार जड जातं, म्हणून या विषयावर मी इतका लिहितो.

कॅनडात क्वेबेक प्रांतात झां द्युसो यांनी १९७४ मध्ये वाळवलेल्या थेंबांवर ही तपासणी सुरू केली ती याचसाठी.

---

लीड्सकर

इकडे ब्रिटनमध्ये पाचव्या दिवशी मिडवाइफ घरी येऊन टाच टोचते. कार्डावर चार वर्तुळं असतात, त्यातच थायरॉईड आणि इतर आजार तपासतात, पैसे लागत नाहीत. माझी भाची ३० आठवड्यांची होती. ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांना थायरॉईडसाठी २८ व्या दिवशी, किंवा त्याआधी घरी सोडत असतील तर तेव्हा, पुन्हा टोचतात. आम्हाला वाटलं पहिलं कार्ड हरवलं की काय. डॉक्टरांचं वरचं वाचून आज कारण समजलं.

---

अनंत_कुडाळ

आपल्याकडे हे सरसकट का होत नाही, याचा राग येतो. कुडाळहून गोवा जवळ, म्हणून माहीत आहे. गोव्याने २००८ मध्ये राज्यभर नवजात तपासणी सुरू केली होती, पण ती पुढे अखंड राहिली नाही. केरळ सरकारी रुग्णालयांत करतं. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात तर आपल्या पालघरमधून झाली, आणि त्याच्या यादीत जन्मजात थायरॉईड आहेसुद्धा, पण ऐच्छिक म्हणून. देशभर प्रत्येक बाळाची सक्तीची तपासणी आजही नाही. बाळ कुठल्या दवाखान्यात जन्मलं यावर त्याची बुद्धी अवलंबून राहावी, हे पटत नाही.

जाता जाता, मिठाचा संबंध कितपत?

---

बालवैद्य_सातारा

रागाशी सहमत. तोवर प्रत्येक कुटुंबाने डिस्चार्जच्या कागदावर 'टीएसएच' हा शब्द शोधावा आणि नसेल तर विचारावं, एवढं तरी हातात आहे.

मिठाचा संबंध आहे. आईला आयोडीन कमी पडलं तर बाळाच्या ग्रंथीला कच्चा मालच मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटना नवजात टीएसएचवरून त्या भागाचं आयोडीन ओळखते. पहिल्या तीन दिवसांनंतरच्या रक्तात ५ च्या वर टीएसएच असलेली बाळं शंभरात तीनपेक्षा कमी असतील तर आयोडीन पुरेसं समजतात. हल्ली गरोदरपणात साधं मीठ सोडून फक्त सैंधव खाणाऱ्या बायका भेटतात. बहुतेक सैंधवात आयोडीन घातलेलं नसतं, पाकिटावर वाचा.

आयोडीन जास्त झालं तरी वाईट. मुदतपूर्व बाळाच्या अंगावर बीटाडीन फार वापरलं तर त्वचेतून शोषलं जातं आणि ग्रंथी काही दिवस बंद पडते.

---

मृण्मयी_नाशिक

ताजी खबर. दुसऱ्या आठवड्यात शिरेतून रक्त घेतलं. टीएसएच ९, फ्री टी४ वयाप्रमाणे व्यवस्थित. गोळी नाही. चौथ्या आठवड्यात पुन्हा बोलावलंय, आणि या वेळी 'आता कशाला टोचता' असं घरात कुणी म्हणालं नाही. वजन २ किलो २०० झालं. हा धागा बहिणीने आणि तिच्या सासूबाईंनी एकत्र बसून वाचला. सगळ्यांचे मनापासून आभार.

केशर, एक विचारायचं राहिलं. गोळी लागलीच तर इतक्या छोट्या बाळाला देतात कशी?

---

केशर

फार छान बातमी! गोळीला घाबरू नका. मी दोन स्टीलच्या चमच्यांमध्ये गोळी दाबून पूड करायचे, त्यावर अंगावरच्या दुधाचे थेंब टाकायचे आणि गालाच्या आतल्या बाजूने चमच्याने द्यायचे. मग अजून थोडं दूध त्याच चमच्यात फिरवून तेही पाजायचं, म्हणजे तळाची पूड वाया जात नाही. भरलेल्या बाटलीत कधी मिसळू नका, बाळाने बाटली अर्धी सोडली तर औषधही अर्धं. रोज एकच वेळ ठेवली, सकाळी अंघोळीआधी.

तुमच्या बाळाचं वजन कमी आहे म्हणून एक मुद्दाम सांगते. अशा बाळांना लोहाचे आणि कॅल्शियमचे थेंब देतात. ते या गोळीबरोबर दिले तर गोळी अंगी लागत नाही. आम्हाला चार तासांचं अंतर ठेवायला सांगितलं होतं. बाळगुटी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. तिसऱ्या वर्षी डॉक्टरांनी गोळी महिनाभर थांबवून बघितली, टीएसएच चढला, म्हणून आमची चालू राहिली. आमच्याच ओपीडीत भेटणाऱ्या एका मुलीची त्याच वयात कायमची बंद झाली.

---

ऋतुजा_लातूर

हा धागा वर काढतेय. माझ्या वहिनीला जुळं झालं, दोघे मुलगे, २ किलो १०० आणि १ किलो ७००. दोघांचाही पहिला रिपोर्ट चांगला आलाय. एकाचं वजन कमी म्हणून फक्त त्याचीच दुसरी तपासणी करायची का?

---

बालवैद्य_सातारा

नाही, दोघांची. दोघांचंही वजन अडीच किलोंच्या आत आहे, एवढंच कारण पुरेसं होतं. शिवाय एकाच लिंगाच्या जुळ्यांची वार बऱ्याचदा एकच असते आणि पोटात रक्त एकमेकांत मिसळतं. एकाची ग्रंथी काम करत नसेल तर भावाचं संप्रेरक त्याच्या रक्तात येतं आणि पहिल्या तपासणीत त्याची कमतरता झाकली जाते. दोन आठवडे पूर्ण झाले की दोघांचं रक्त पुन्हा द्या, आणि कार्डावर 'जुळं १' आणि 'जुळं २', प्रत्येकाचं वजन, आठवडे आणि रक्त घेतल्याची वेळ लिहिली आहे ना, ते तिथेच उभं राहून बघा.